गोंदणाचा काळा टिकतो, मग टॅटूचे रंग का उडतात?

१/ आजीच्या हातावरचे गोंदण साठ वर्षांनंतरही ओळखू येते. नातवाच्या दंडावरचा लाल-पिवळा टॅटू मात्र काही वर्षांतच म्लान होऊ लागतो. दोष नेहमी कारागिराचा नसतो. या फरकामागे रंगांचे रसायन, शरीराची घडण आणि पाच हजार वर्षांहून मोठा इतिहास आहे. त्याविषयी हा धागा. #थ्रेड

२/ आरंभ आल्प्समधून. १९९१ मध्ये इटली-ऑस्ट्रिया सीमेवरील बर्फात एका पुरुषाचे गोठलेले शव सापडले. 'ओत्झी' या नावाने ओळखला जाणारा हा मनुष्य इ.स.पू. ३३०० च्या सुमारास जगला. त्याच्या अंगावर ६१ गोंदणखुणा मोजल्या गेल्या आहेत : साध्या रेषा आणि फुल्या. रंग एकच, काळा. द्रव्यही एकच, काजळी.

३/ काजळी म्हणजे बहुतांशी कार्बन. तो प्रकाशाचे जवळजवळ सर्व रंग शोषतो आणि त्याचे अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ऊन त्यांना सहजी तोडू शकत नाही. शरीरातील द्रवांतही तो विरघळत नाही. प्राचीन गोंदणाच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण हे.

४/ महाराष्ट्रातील पारंपरिक गोंदणही काजळीचेच. मग आपण त्याला 'हिरवे गोंदण' का म्हणतो? कण काळेच राहतात. पण वरच्या त्वचेतून जाताना निळा प्रकाश अधिक विखुरतो आणि डोळ्यांपर्यंत परततो, तर तांबडा प्रकाश खोलवर जाऊन शोषला जातो. म्हणून काळी रेघ निळसर-हिरवी भासते. मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात, त्यामागेही मुख्यतः हेच कारण आहे.

५/ आता रंग त्वचेत राहतो कसा ते पाहू. त्वचेचा वरचा थर सतत झडून नवा होत असतो. तिथे अडकलेली शाई काही आठवड्यांतच निघून जाते. नव्या टॅटूचे सुरुवातीचे तेज थोडे उतरते ते यामुळे. टिकते ती फक्त त्याखालच्या थरात पोहोचलेली शाई.

६/ तिथेही ती स्वस्थ नसते. शरीराला ती परकी वाटते, म्हणून भक्षकपेशी तिचे कण गिळतात. पण पचवू शकत नाहीत. २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की अशी पेशी मेली की कण मोकळे होतात आणि नवी पेशी ते पुन्हा पकडते. टॅटूचे स्थैर्य हे अशा अखंड हस्तांतराचे फळ आहे.

७/ या हस्तांतरात सूक्ष्म कण थोडेथोडे निसटून लसिकाग्रंथींकडे जातात. काही कण आजूबाजूला सरकतात, म्हणून रेघा कालांतराने पसरट होतात. दुसरा शत्रू ऊन. अतिनील किरण रंगीत रेणूंतील बंध तोडतात. बंध तुटला की रंग संपतो. थोडक्यात, फिकट होणे म्हणजे रंगाचे स्थलांतर किंवा विघटन.

८/ मग जुन्या काळी कोणी रंग वापरलेच नाहीत का? वापरले, आणि त्याचे उत्तम उदाहरण जपान. १८२७ पासून उतागावा कुनियोशी याने गोंदणधारी वीरांची चित्रमालिका छापली आणि सबंध पाठ व्यापणाऱ्या चित्रांची आवड फोफावली. १८७२ मध्ये मेइजी शासनाने गोंदणावर बंदी घातली. ती १९४८ मध्ये उठली.

९/ या परंपरेत दोन गोष्टी रंगांच्या पथ्यावर पडल्या. आकृतीचा सांगाडा काळ्या शाईचा असे. आतला रंग उतरला तरी चित्र मोडत नसे. शिवाय चित्र बहुधा कपड्यांआड राही, त्यामुळे ऊन कमी लागे. लाल रंगासाठी मात्र हिंगूळ वापरला जाई, आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग.

१०/ त्यातून एक विलक्षण वैद्यकीय निरीक्षण पुढे आले. उपदंशाच्या रुग्णांच्या अंगावर पुरळ उठे, पण हिंगुळाने गोंदलेला लाल भाग कित्येकदा त्यातून सुटे. त्या काळी उपदंशावर पाराच देत असत. याच लाल रंगाने पुढे अनेकांच्या त्वचेवर सूज आणि खाजही आणली. रंग निव्वळ शोभेचा कधीच नव्हता.

११/ १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायली याने विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट घेतले. त्यामागे एडिसनच्या विद्युत लेखणीची कल्पना होती. काम वेगवान झाले. पुढे विसाव्या शतकात खनिज रंगांची जागा कृत्रिम सेंद्रिय रंगांनी घेतली. यांतील बहुतेक रंग मोटारी, प्लॅस्टिक आणि छपाईसाठी घडवलेले होते, त्वचेसाठी नव्हेत.

१२/ म्हणून सगळे रंग सारखे टिकत नाहीत. पिवळे, नारिंगी आणि लाल रंग बहुधा 'अझो' वर्गातील. त्यांतील पुष्कळ उन्हाला लवकर बळी पडतात. फिक्या छटाही लवकर हरवतात. थॅलोसायनिन वर्गातील निळे-हिरवे मात्र चिवट असतात. अझो रंग तुटताना काही हानिकारक अमाइन संयुगे निर्माण होऊ शकतात, हा खरा चिंतेचा मुद्दा.

१३/ २०१७ मध्ये ग्रेनोबल येथील सिंक्रोट्रॉनच्या साहाय्याने मानवी लसिकाग्रंथींत टॅटूच्या रंगांचे अतिसूक्ष्म कण दाखवले गेले. जानेवारी २०२२ पासून युरोपीय संघाने टॅटूच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध आणले. वर्षभराने एक निळा आणि एक हिरवा रंगही त्यांच्या कक्षेत आला. ते दोन्ही त्याच चिवट थॅलोसायनिन वर्गातले! टिकाऊपणा आणि सुरक्षितता या दोन निराळ्या कसोट्या आहेत.

१४/ रंग जपायचे कसे? जखम भरेपर्यंत खपली काढू नये, पोहू नये. त्या काळात क्रीमऐवजी सैल कपड्याने ऊन अडवावे. त्वचा भरल्यावर उघड्या टॅटूला किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन लावावे, उन्हात दर दोन तासांनी पुन्हा. त्वचा मऊ ठेवावी. नक्षी निवडताना ठळक काळी बाह्यरेषा घ्यावी. शाईतील घटक विचारावेत. सूज किंवा खाज टिकली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

१५/ उतरलेला रंग पुन्हा भरून घेता येतो. पण आधीचा रंग कुठे गेला हा प्रश्न त्याने मिटत नाही. त्यातला काही भाग तुटलेला असतो, काही शरीरातच अन्यत्र असतो. म्हणून उन्हापासून टॅटू जपणे ही केवळ हौस नाही, ती शरीराचीही काळजी आहे. काजळीने गोंदणाऱ्या पिढ्यांना हा प्रश्न या रूपात कधी पडला नाही. तो रंगांसोबत आला. (समाप्त)