राहिलेला गोंधळ

गेल्या वर्षी कोजागिरीच्या आदल्या दिवशी माझा पुतण्या पुण्याहून तिघा मित्रांना घेऊन तुळजापुरास आला. सोलापुरास उतरून पुढचे ४५ किलोमीटर हे वीर यात्रेकरूंबरोबर पायी चालत आले होते. चौघांच्या अंगात काळे सदरे, सदऱ्यांवर कवट्या, आणि केस पोतराजाने हेवा करावा असे. आमच्या सौभाग्यवतींनी मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारले, "अहो, ही मुलं कुठल्या आखाड्याची?"

आखाडा 'हेवी मेटल' नावाच्या संगीताचा निघाला. उत्तर जर्मनीत वाकेन नावाचे एक खेडे आहे. १९९० साली तिथल्या खडीच्या खाणीत हे संगीत ऐकायला काही शेकडा माणसे जमली. आता दर उन्हाळ्यात हजारो लोक तंबू ठोकून, पाऊस आला तर चिखलात लोळून, तिथे जत्रा करतात. २०१९ साली दिल्लीचा 'ब्लडीवुड' हा वाद्यवृंद त्या जत्रेत ढोल वाजवून आला. "काका, उघड्यावर तसा दणका ऐकायला नशीब लागतं," पुतण्या म्हणाला. मी म्हटले, रात्री बघू.

रात्री देवीचा छबिना निघाला. दिवट्यांचा उजेड, तेलाचा वास, हातात पोत नाचवणारी माणसे आणि या सगळ्यावर संबळ. कमरेला बांधलेली ती जोडवाद्याची दोन तोंडे, एक खर्जातले, एक कडक. दगडी भिंतींवरून आवाज परत येई तेव्हा छातीच्या फासळ्या हलत. पोरे गप्प झाली होती. त्यांतला एक, जो स्वतः ड्रम वाजवतो, तो संबळवाल्याच्या हातांवरून नजर काढीना.

तो संबळवाला माझा वर्गमित्र. कदमराई गोंधळ्याच्या घरातला.

शिक्षकी पेशा असल्यामुळे मला राहवले नाही. परतताना मी मुलांना सांगू लागलो. इथून नळदुर्ग-उमरग्याच्या वाटेने गेले की कल्याणी लागते, आजचे बसवकल्याण. तिथला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात गोंडली नावाचे नृत्य आहे, आणि आपल्या गोंधळाचे मूळ अभ्यासक तिथवर नेतात. पुढे तेराव्या शतकात काकतीयांचा गजसेनापती जायप याने 'नृत्तरत्नावली'त हकीकत दिली, की कल्याणीच्या भूतमातृ-उत्सवात भिल्लिणीच्या वेषातला नाच पाहून राजाने त्याला शास्त्रात बसवले. म्हणजे भरल्या जत्रेत एक राजा असाच खिळून उभा होता! नाथांनी गोंधळाची रूपके रचली. अफझलखानाच्या वधावर पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला, असे त्या पोवाड्यातच आहे.

एवढे घडाघडा बोललो आणि मध्येच थांबलो. कारण १९८४ साली, माझ्या लग्नात, हा सारा इतिहास मी घराबाहेर उभा केला होता. नुकतीच पुण्याची पदवी मिळाली होती. गोंधळ म्हणजे अडाणीपणा, असे वडिलांना ऐकवून मी सिनेमाची गाणी वाजवणारा बँड आणवला. हा मित्र नव्या फडक्यात संबळ गुंडाळून आला होता. पंगतीत जेवला, बुंदी वाखाणली, आणि बोचके काखेत मारून गेला. त्याबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही. मीही नाही. त्यानंतर इतकी वर्षे मी मुलांना संस्कृतीचा इतिहास शिकवला, हे कुणाला सांगायचे!

दुसऱ्या दिवशी मुलांच्या हट्टाने त्याला चहाला बोलावले. ड्रमवाल्या पोराने त्याला टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली त्याच्या दोन बोटांची टोके तुटली. त्याने बोटांना टोपणे बसवली, पुढे गिटारच्या तारा सैल केल्या, आणि १९७० साली 'ब्लॅक सॅबथ'च्या तबकड्यांतून तो जड आवाज जगात गेला. मित्राने लक्ष देऊन ऐकले. मग आपली बोटे पुढे केली. काड्या धरून धरून घट्टे पडलेली, एक नख कायमचे काळे.

"त्याच्या पोरांनी शिकून घेतलं का?" त्याने विचारले. त्याचा मुलगा पुण्यात रिक्षा चालवतो.

कुणी काही बोलेना. मीच म्हणालो, "आज रात्री आमच्याकडे गोंधळ घालशील?"

"कशाचा?"

"लग्नाचा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बशीतला चहा संपवून म्हणाला, "लई उशीर केलास रं. बायकोला विचारलंस का?"

सौभाग्यवती दारातच उभ्या होत्या. त्यांनी पाट, तांदूळ आणि कलश काढायला घेतले. रात्री अंगणात चौक मांडला गेला. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर करीत तो एकेका ठिकाणच्या देवाला हाक मारू लागला, आणि कवटीचा सदरा घातलेला पुतण्या दिवटी धरून उभा होता. तेल मनगटावर ओघळत होते. त्याने हात हलवला नाही.