एकाच पाण्यात

"थे सारे एकाच पान्यात उतरते काय रे?"

आजीनं व्हिडिओ कॉलवर हे विचारलं तेव्हा मी जपानमधल्या यामागाता प्रांतातल्या एका खेड्यात होतो. अंगात हॉटेलनं दिलेला सुती युकाता, केस ओले. टोकियोतल्या क्लायंटकडे सहा महिने ऑनसाइट होतो. शेवटी आई-बाबा फिरायला आले म्हणून दोन रात्रींसाठी गरम झऱ्यावरचं रिओकान बुक केलं. रिओकान म्हणजे पारंपरिक मुक्कामाचं घर. दारातच चपला काढायच्या, खाली गवती चटया, आणि रात्री कुणीतरी येऊन गाद्या घालून जातं. लहान मुलांसाठी लहान मापाचे युकाते होते. पलीकडच्या खोलीतल्या कुटुंबातली तीन पोरं ते घालून कॉरिडॉरमध्ये धुडगूस घालत होती आणि त्यांना कुणी ओरडत नव्हतं.

आंघोळीचा नियम मात्र कडक. बायका-पुरुषांची कुंडं वेगळी. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ व्हायचं आणि मगच कुंडात उतरायचं, तेही पूर्ण उघड्यानं. आईनं हे ऐकताच "मी खोलीतच बरी" असं जाहीर केलं. मग कुटुंबासाठी तासाभरानं मिळणारं खाजगी कुंड घेतलं आणि आई साडीसकटच त्याच्या काठावर पाय सोडून बसली. बाबा आणि मी मोठ्या कुंडात गेलो. तिथे एक म्हातारा शेतकरी, एक बँकेतला माणूस, आम्ही दोघे आणि ती तीन पोरं, सगळे एका पाण्यात.

आजीला हेच सांगत होतो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अन् कोनी काही म्हनत नाई?" आणि त्याला जोडून, "सालबर्डीचंबी पानी असंच गरम हाय."

आजीचं माहेर मोर्शीकडचं, सासर मूर्तिजापूरजवळचं. सालबर्डी अमरावती जिल्ह्याच्या टोकाला, मोर्शी तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिथे गरम आणि थंड पाण्याचे झरे आहेत. सीतेनं तिथे आंघोळ केली असं सांगतात. भस्मासुराला चुकवत पळालेला महादेव तिथल्या गुहेत शिरला आणि आतल्या वाटेनं थेट पचमढीला निघाला, हेही सांगतात. म्हणून पचमढीचा मोठा महादेव आणि सालबर्डीचा छोटा. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते.

जपानमध्ये जमिनीखाली ज्वालामुखीची भट्टी आहे. सातपुड्यात तसं काही नाही. इथे पावसाचं पाणी खडकातल्या भेगांमधून खूप खोल जातं, तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. जपानच्या 1948 च्या कायद्यानुसार उगमापाशी पाणी 25 अंश सेल्सिअस असलं तरी तो 'ऑनसेन' ठरतो. या हिशोबानं मे महिन्यात अकोल्यात गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला तरी ऑनसेनच.

थट्टा सोडा. मला प्रश्न पडला तो असा की गरम पाणी आपल्याकडेही आहे, श्रद्धा आहे, जत्रा आहे, मग मुक्कामाचं काय? जपानमध्येही हा प्रकार चैनीचा म्हणून वाढलेला नाही. तिथे 'तोजी' नावाची जुनी रीत आहे. शेतीची कामं आटोपली की शेतकरी कुटुंबं तांदूळ-भाजी बांधून झऱ्यावर जायची, आठवडा-दोन आठवडे राहायची, स्वतः रांधून खायची आणि सांधे शेकायची. म्हणजे आपली धर्मशाळाच की! चूल तुमची, शिधा तुमचा, छप्पर त्यांचं.

आजीच्या आठवणीतली सालबर्डी साधारण 1957 ची आहे. ती नऊ-दहा वर्षांची होती. बैलगाडीनं निघाले. वाटेतल्या एका गावात अंधार पडला. तिथे धर्मशाळा होती. माणसानं तिच्या वडिलांना नाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावातली वस्ती विचारली. तिसऱ्या प्रश्नानंतर ते सगळे गाडीखाली झोपले. झऱ्यावरही मोठी माणसं आधी उतरली आणि हे लोक खालच्या अंगाला वाहून येणाऱ्या पाण्यात. "गरम नोयतं थे," आजी म्हणाली. "कोमट झालं होतं."

तारखा पाहा. 26 जानेवारी 1950 ला संविधान लागू झालं. कलम 15 मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांची नावं आहेत. कॉलेजात मी ते कलम परीक्षेपुरतं वाचलं होतं. राज्यघटनेत आंघोळीचा घाट कशाला लिहावा लागला, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही. 1955 च्या अस्पृश्यता कायद्यात तर धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना असे शब्द आहेत. आजीची गाडी त्यानंतर दोन वर्षांनी निघाली होती.

त्याआधी 4 ऑगस्ट 1923 ला मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाडचं चवदार तळं, 1927, हे त्याचंच पुढचं पान. पण तो ठराव मुंबई इलाख्याचा. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात आणि 1903 पासून मध्य प्रांताला जोडलेलं. म्हणजे मुंबईतल्या ठरावाचा इथल्या धर्मशाळेच्या दाराशी कागदोपत्रीही संबंध नव्हता. 1927 च्याच नोव्हेंबरमध्ये अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. विषय अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा. पुढे 1956 मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आलं आणि शेजारचा बैतूल मध्य प्रदेशात राहिला. सालबर्डी बरोबर त्या रेषेवर आहे. महादेवाची गुहा आज पलीकडच्या राज्यात आहे.

या सगळ्यात एक माणूस कायद्याची वाट न पाहता मुक्कामाची घरं बांधत सुटला होता. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. जन्म 1876, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. वाढले मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात, मामाकडे. 1905 मध्ये घर सोडलं. त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे ऋणमोचनला पूर्णा नदीवर बांधलेला घाट. लोकांना नदीत नीट उतरता यावं, एवढाच हेतू. नंतर नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर इथे धर्मशाळा झाल्या. अक्षरओळख नसलेला माणूस हातात खराटा घेऊन फिरत राहिला आणि लोकांकडून पैसे जमवून इमारती उभ्या करत गेला.

पंढरपूरला वारीला आलेल्या अस्पृश्यांना राहायला जागा मिळत नसे, म्हणून त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली. 1949 मध्ये ती इमारत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आपण गाडगेबाबांना स्वच्छतेचा पोस्टर बॉय करून ठेवलंय, याचा मला राग येतो. खराटा दिसतो, पण खोल्या कुणासाठी बांधल्या ते दिसत नाही.

आजीला मी जपानचं कौतुक ऐकवत होतो खरा, पण नंतर वाचताना तिथलंही दार दिसलं. 2003 मध्ये कुमामोतो प्रांतातल्या एका गरम झऱ्याच्या हॉटेलनं कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या लोकांना खोल्या नाकारल्या. कारण दिलं, इतर पाहुण्यांना त्रास होईल. देशभर गदारोळ झाला आणि शेवटी हॉटेल बंद पडलं. तेच जुनं भय, एकाच पाण्यात उतरण्याचं. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारलं ते 1946 मध्ये.

माझं म्हणाल तर मला कुणी गाडीखाली झोपवलं नाही. फक्त पुण्यात फ्लॅट शोधताना एका मालकानं फोनवर सगळं ठरवलं, पगार ऐकून खूश झाला आणि मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" दुसऱ्या दिवशी त्याचा पुतण्या राहायला येणार होता. टीममधल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, योगायोग असेल. असेलही.

परत आल्यावर आजी एकदाच म्हणाली, "मले सालबर्डीले ने." तिचे गुडघे गेलेत, गुहेपर्यंत चढणं होणार नाही. तिला पाणी हवंय, वरच्या अंगाचं. महाशिवरात्रीची गर्दी टाळून डिसेंबरात जायचं ठरलं. अकोल्याहून गाडीनं एका दिवसात जाऊन येता येतं, पण तिचा हट्ट मुक्कामाचा. ऑनलाइन काही मिळेना म्हणून मोर्शीतल्या एका लॉजचा नंबर काढून फोन लावला. खोली होती, तळमजल्यावर, गरम पाण्यासकट. भाडं सांगितलं, सगळ्यांचं आधार आणा म्हणाला.

"कोणाच्या नावानं लिहू? पूर्ण नाव सांगा."

स्पीकर चालू होता. आजी शेजारी बसून ऐकत होती. मी काही बोलायच्या आत तिनं फोनकडे तोंड करून स्वतःचं नाव सांगितलं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, एकेक अक्षर सुटं करून.

"बरं. किती वाजता येणार?" तो म्हणाला.