सरगॅसम

सरगॅसम ही पिंगल, म्हणजे तपकिरी रंगाच्या, समुद्री शैवलांपैकी फ्यूकेलीझ गणातील एक मोठी प्रजाती असून तिच्यात तीनशेहून अधिक जातींचा समावेश होतो. स्वीडिश शैवलतज्ज्ञ कार्ल आगार्ड यांनी १८२० मध्ये ही प्रजाती प्रस्थापित केली. उत्तर अटलांटिकमधील सरगॅसो समुद्राशी तिचे नाव जोडले जात असले, तरी तेथे आयुष्यभर तरंगत राहणाऱ्या जाती हा अपवाद होय. बहुसंख्य जाती भरती-ओहोटीच्या पट्ट्याच्या खालच्या भागात आणि त्याला लागून असलेल्या उथळ पाण्यात खडकाला चिकटून वाढतात. महाराष्ट्र व गोव्याच्या कातळी किनाऱ्यांवर सरगॅसम टेनेरिमम, सरगॅसम सिनेरियम आणि सरगॅसम इलिसिफोलियम या जाती आढळतात.

बाह्यतः हे शैवल एखाद्या झुडपासारखे दिसते, परंतु हिरव्या वनस्पतींशी त्याचे जवळचे नाते नाही. उत्क्रांतीच्या दृष्टीने ते डायाटम या एकपेशीय जीवांना अधिक जवळचे आहे. त्याच्या शरीरात खरी मुळे, खोड किंवा पाने नसतात. तळाचा बिंबासारखा भाग खडकाला घट्ट धरून ठेवतो व त्याला दृढबंध म्हणतात. त्यावरील अक्षापासून फांद्या, पर्णसदृश पाती आणि हवेने भरलेले लहान वायुकोश निघतात. भरतीच्या वेळी हे वायुकोश फांद्यांना प्रकाशाकडे उचलून धरतात. हरितद्रव्याच्या जोडीला असणारे फ्यूकोझँथिन हे रंगद्रव्य पाण्यात खोलवर पोहोचणारा निळा-हिरवा प्रकाश शोषून घेते आणि शैवलाला सोनेरी तपकिरी छटा देते.

सरगॅसमचे प्रजनन बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्याच्या शरीरातील पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात आणि फक्त युग्मके, म्हणजे नर व मादी प्रजननपेशी, एका संचाच्या असतात. नेचे किंवा इतर अनेक शैवले यांच्यात दिसणारी स्वतंत्रपणे जगणारी दुसरी पिढी येथे नसते. विशिष्ट शाखिकांवरील सूक्ष्म पोकळ्यांतून बाहेर पडलेली अंडी श्लेष्मल पदार्थाच्या आधाराने शाखिकेलाच चिकटून राहतात, तेथेच त्यांचे फलन होते आणि गर्भाची सुरुवातीची वाढ झाल्यावर तो गळून पडतो व तंतुमय मूलाभांनी खडकाला धरतो. त्यामुळे बहुतेक संतती मातृशैवलापासून थोड्याच अंतरावर रुजते. दूरचा प्रसार प्रामुख्याने तुटून वाहत गेलेल्या फलित फांद्यांमुळे होतो. कोकणात पावसाळ्यातील खवळलेल्या लाटा, गढूळपणा आणि गोड्या पाण्यामुळे घटलेली क्षारता यांनी वरचा भाग नष्ट होतो, परंतु अनेक ठिकाणी दृढबंध टिकून राहतो आणि पावसाळा सरताच त्यातून नवी वाढ होऊन हिवाळ्यात कातळ दाट झाकले जातात. या झुडपांच्या आडोशाला लहान मासे, खेकडे व शंखवर्गीय प्राणी वाढतात.

लाटांचा मारा सोसणाऱ्या पेशीभित्तीतच या शैवलाचे आर्थिक मूल्य आहे. या भित्तीत सेल्युलोजबरोबर अल्जिनिक आम्ल ही बहुशर्करा भरपूर असते व तिच्यामुळे फांद्या न मोडता वाकतात. ब्रिटिश रसायनज्ञ ई. सी. सी. स्टॅनफर्ड यांनी १८८० च्या दशकात पिंगल शैवलांतून हा पदार्थ प्रथम वेगळा केला. वाळवलेले शैवल धुऊन सोड्याच्या द्रावणात शिजवले असता सोडियम अल्जिनेट विरघळून बाहेर येते. त्यात कॅल्शियम मिसळताच कॅल्शियमचे आयन लांब रेणूंना एकमेकांशी बांधतात आणि घट्ट जेली तयार होते. दंतवैद्याकडे दातांचे माप घेण्याची पेस्ट काही मिनिटांत घट्ट होते ती याच क्रियेमुळे. कापडछपाईचे रंग दाट करणे, आइस्क्रीममधील बर्फाचे खडे रोखणे आणि जखमेवरील शोषक पट्ट्या बनवणे यांसाठीही अल्जिनेट वापरले जाते.

हीच भित्ती शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातूही धरून ठेवते, म्हणून सांडपाणी शुद्ध करण्यासाठी वाळलेल्या सरगॅसमचे प्रयोग झाले आहेत. मात्र सरगॅसम फ्यूझिफॉर्मी ही जपानमध्ये हिजिकी नावाने खाल्ली जाणारी जात असेंद्रिय आर्सेनिक मोठ्या प्रमाणात साठवते आणि ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने ती न खाण्याचा सल्ला दिला आहे; समुद्री शैवल म्हणजे सर्वथा आरोग्यदायी अन्न हा समज त्यामुळे टिकत नाही. फ्यूकॉइडन या गंधकयुक्त बहुशर्करेच्या औषधी गुणांविषयी बरेच लिहिले जाते, पण त्यातील बराचसा पुरावा प्रयोगशाळेपुरता आहे. किनारी शेतीतील खत आणि पिकांवर फवारायचा द्रवरूप अर्क हे उपयोग अधिक साधे व अधिक भरवशाचे आहेत.

भारतात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर १९६० च्या दशकापासून अल्जिनेट उद्योगासाठी सरगॅसम व टर्बिनेरिया ही शैवले नैसर्गिक खडकांवरून गोळा केली जातात. गर्भ जवळच रुजत असल्यामुळे, फलनापूर्वी दृढबंधासकट खरवडलेला कातळ दुसरीकडून सहज भरून निघत नाही. म्हणून सरगॅसमची काढणी प्रजननाचा हंगाम आटोपल्यावर, फांद्या कापून आणि दृढबंध खडकावर राखूनच केली पाहिजे.