चकती आपली, किल्ली कुणाची? डीव्हीडीच्या कुलुपाचा इतिहास

#थ्रेड

१/ संगणकात डीव्हीडी घातली, ड्राइव्ह घरघरला आणि पडद्यावर चित्रपटाऐवजी त्रुटीचा संदेश उमटला. २००० च्या दशकात अनेक घरांनी हे अनुभवले. चकती स्वच्छ, यंत्र नवे, तरीही चित्र नाही. असे का होई, याचे उत्तर ओस्लोच्या न्यायालयापर्यंत जाते.

२/ डीव्हीडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानच्या आणि मार्च १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आली. एका थरात ४.७ जीबी माहिती मावे आणि चित्रपट एमपेग-२ पद्धतीने दाबून भरलेला असे. तो उलगडणे तेव्हाच्या घरगुती प्रोसेसरला जड जाई, म्हणून स्वतंत्र डिकोडर कार्ड बसवावे लागे. पुढे हे काम सॉफ्टवेअरकडे आले. पण विंडोज एक्सपीसोबतही हा डिकोडर मिळत नसे. पहिली अडचण ही.

३/ दुसरी अडचण हेतुपुरस्सर घडवलेली होती. डिजिटल चित्रपटाची नक्कल मुळाइतकीच सुस्पष्ट निघते, ही चित्रपट कंपन्यांची धास्ती. म्हणून चकतीवरील मजकूर ‘सीएसएस’ नावाच्या सांकेतिक कुलुपात बंद केला गेला. परवाना घेणाऱ्या प्रत्येक प्लेअर-निर्मात्याला त्याची किल्ली मिळे. परवाना नाही, तर किल्ली नाही.

४/ तिसरी अडचण भूगोलाची. जगाचे सहा विभाग पाडले गेले : अमेरिका व कॅनडा १, युरोप व जपान २, भारत ५. अमेरिकेतील आप्तांनी पाठवलेली विभाग १ ची चकती पुण्या-मुंबईच्या संगणकात अडे, ती यामुळे. २००० पासूनच्या ड्राइव्हमध्ये वापरकर्त्याला विभाग फक्त ५ वेळा बदलता येई. त्यानंतर शेवटची निवड कायम.

५/ या व्यवस्थेत लिनक्स वापरणारे पूर्णतः बाहेर राहिले. पैसे मोजून घेतलेली चकती, पैसे मोजून घेतलेला ड्राइव्ह, आणि तरी चित्रपट पाहता येत नाही! त्यांच्या प्रणालीसाठी परवानाधारक प्लेअरच उपलब्ध नव्हता.

६/ ऑक्टोबर १९९९. नॉर्वेचा १५ वर्षांचा यून लेक योहानसेन आणि त्याचे दोन निनावी साथीदार यांनी ‘डीसीएसएस’ हा छोटा प्रोग्राम प्रसृत केला. झिंग कंपनीच्या प्लेअरमध्ये किल्ली पुरेशी झाकलेली नव्हती. तिथूनच वाट सापडली. गंमत म्हणजे हा प्रोग्राम विंडोजवर चाले.

७/ कुलूप मुळातच कच्चे होते. किल्ली अवघी ४० बिटांची, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. आकडा अवाढव्य वाटतो, पण संगणकाला तो आवाक्यातला. त्याच वर्षी फ्रँक स्टीव्हन्सन यांनी रचनेतील दोष दाखवून दिले आणि शोधाचे काम आणखी सोपे झाले.

८/ अमेरिकेत चित्रपट कंपन्यांनी ‘२६००’ या हॅकर नियतकालिकाला न्यायालयात खेचले. ऑगस्ट २००० मध्ये न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी प्रोग्राम प्रसिद्ध करण्यास, इतकेच नव्हे तर त्याचे दुवे देण्यासही मनाई केली. आधार होता १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याचा. २००१ मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला. मात्र संगणकीय संहिता हीदेखील एक प्रकारची अभिव्यक्ती आहे, हे मान्य केले.

९/ विरोधकांनी नेमका हाच मुद्दा हाती धरला. संहिता टी-शर्टांवर छापली गेली, हायकूत बांधली गेली, एका प्रचंड मूळ संख्येतही दडवली गेली. कार्नेगी मेलनचे प्राध्यापक डेव्हिड टुरेट्स्की यांनी अशा रूपांचे दालनच मांडले. त्यांचा सवाल सरळ होता : बंदी नेमकी कशावर? यंत्रावर, कवितेवर की आकड्यावर?

१०/ नॉर्वेत योहानसेनवर फौजदारी खटला चालला. ७ जानेवारी २००३ रोजी ओस्लोच्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपिलातही तो सुटला. रीतसर विकत घेतलेली चकती पाहण्यासाठी तिचे कुलूप उघडणे हा गुन्हा नव्हे, असा निकालाचा आशय. एकाच प्रोग्रामविषयी दोन देशांचा न्याय असा वेगळा ठरला.

११/ दरम्यान पॅरिसच्या एकोल सांत्रालमधील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून व्हीएलसी घडत होता. २००१ मध्ये तो मुक्त परवान्याखाली आला. त्यासोबतची ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ ही लायब्ररी एकाच प्लेअरच्या किल्लीवर विसंबत नाही, ती आधी प्लेअर-किल्ल्यांची यादी वापरून पाहते. त्या लागू पडल्या नाहीत, तर ती गणिताने किल्ली शोधते. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले. तिथे असे कुलूप तोडणे दंडनीय आहे, पण हक्कभंगाचा हेतू असेल तर.

१२/ हा इतिहास आजही निदानाला उपयोगी पडतो. घरच्या लग्नाच्या चकतीवर सीएसएस नसते. ती चालते आणि विकतचा चित्रपट अडतो, तर संशय किल्लीवर किंवा विभागावर घ्या. फायली दिसतात पण कोणतीच चकती चालत नाही, तर डिकोडर तपासा. विंडोज ८ पासून तो मूळ प्रणालीतून वगळला गेला आहे. विकतची चालते आणि लग्नाचीच अडते, तर तिच्यावरील रंगद्रव्याचा थर खराब होत असावा. तिची प्रत आजच काढून ठेवा. ते कुलूप मात्र कुणालाच उघडता येणार नाही.