राशोल येथील जुनें कॉलेज आणि आपलें मराठी पुराण

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं, आपल्या धर्मग्रामाहून पुष्कळ जुन्या अशा एका स्थळाचें स्मरण करणें उचित होईल. गोमंतकाच्या साष्टी प्रांतांत, झुआरी नदीच्या बाजूस, मडगांवपासून थोड्या अंतरावर राशोल नांवाचा गांव आहे. त्यासच रायतूर असेंही म्हणतात. तेथें येशूसंघाच्या फादरांनीं १६०६ सालीं १ नोव्हेंबर रोजीं, सर्व संतांच्या सणाच्या दिवशीं, कॉलेजाचा पाया घातला. म्हणून त्यास सर्व संतांचें कॉलेज हें नांव पडलें. १६१० सालीं इमारत पुरी झाली. १६२२ सालीं संत इग्नेशियस यांची संत म्हणून घोषणा झाली, आणि पुढें ही वास्तु त्यांच्या नांवास वाहिली गेली. १७५९ सालीं पोर्तुगीज सरकारनें येशूसंघास गोव्यांतून हांकलून दिलें. नंतर तेथें धर्मगुरूंची सेमिनरी झाली. ती आजही चालू आहे.

कॉलेजास लागूनच देऊळ आहे. त्यांतील कोरींव व सोनेरी मुलाम्याच्या वेद्या पाहून मन आपोआप नम्र होतें. याच आवारांत १९९४ सालीं ख्रिस्ती कलेचें संग्रहालय उघडण्यांत आलें. २००२ सालीं तें जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठांत नेलें. म्हणून यात्रेकरूनें आतां दोन्ही ठिकाणें पाहावीं. संग्रहालयांत हस्तिदंती मूर्ति, चांदीचीं पात्रें व जरतारी धर्मवस्त्रें आहेत. त्यांपैकीं पुष्कळ काम येथल्याच कारागिरांचें असून त्या कारागिरांत हिंदूही होते. त्यामुळें कित्येक मूर्तींचे चेहरे आपल्याकडच्या माणसांसारखे दिसतात.

परंतु राशोलच्या कॉलेजांत निपजलेली सर्वांत मोलाची वस्तु मात्र पाहावयास मिळत नाहीं. ती म्हणजे १६१६ सालीं तेथें छापलेलें 'ख्रिस्तपुराण'. त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. १५७९ सालीं ते गोव्यास आले आणि १६१९ सालीं देवाघरीं जाईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, येथेंच राहिले. त्या काळीं नवख्रिस्ती लोकांचे जुने धर्मग्रंथ सत्तेच्या बळावर काढून घेण्यांत आले होते, हें सत्य आपण झांकूं नये. पूर्वीं आमच्याजवळ पुराणें होतीं, आतां आम्हीं वाचावें तरी काय, असा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वेळीं एकानें विचारल्याचें पुराणाच्या आरंभींच सांगितलें आहे. त्या प्रश्नाचें उत्तर फादरांनीं सुमारें ११,००० मराठी ओव्यांनीं दिलें. रविवारीं व सणाच्या दिवशीं तें देवळांत वाचलें जाई. नागरी अक्षरांचे खिळे नसल्यामुळें तें रोमन लिपींत छापावें लागलें. १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हां छापलें.

पुढें काळ फिरला. १६८४ सालीं सरकारनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. वरील तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. मग पुराण वांचलें कसें? गोवा सोडून कानडा मुलुखांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हातानें नकला करून तें जपलें. त्या हस्तलिखितांच्या आधारें १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुन्हां छापून निघालें, आणि १९५६ सालीं पुणें येथें देवनागरींत प्रसिद्ध झालें. ज्यांना आपलें घरदार मागें सोडावें लागलें, त्यांनींच हा ठेवा सांभाळला!

प्रिय वाचकहो, हा इतिहास आपणांस परका नाहीं. ऊर्जानगर ही वीजकेंद्राची वसाहत. निरनिराळ्या गांवांहून कुटुंबें येथें नोकरीसाठीं येतात, आणि नोकरी संपली कीं क्वार्टर रिकामें करून जातात. सामान आवरतांना आजीची हस्तलिखित गीतांची वही, जुनें प्रार्थनापुस्तक, पहिल्या कम्युनियनचा फोटो यांस अडगळ समजून टाकूं नये. मुलांस मराठी प्रार्थना तोंडपाठ याव्या, संध्याकाळीं घरांत त्या मोठ्यानें म्हटल्या जाव्या. आपल्यापाशीं संग्रहालय नाहीं. तेव्हां हें काम प्रत्येक घरानेंच करावयाचें आहे. या ज्युबिली वर्षांत प्रत्येक कुटुंबानें निदान एक जुनी वही नीट उतरून काढावी, आणि प्रभूनें त्या श्रमास आशीर्वाद द्यावा, हीच प्रार्थना.