ग्लूटेनमुक्त आहार, मुलांचा : पालघर आणि बोईसर-तारापूर

गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन हे प्रथिन मुलाच्या आहारातून पूर्णपणे आणि कायमचे वगळणे. सिलिअ‍ॅक आजारावर आजघडीला हाच एक सिद्ध झालेला उपचार आहे. या आजारात ग्लूटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. पोट फुगलेले, हातपाय काटकुळे, जुलाब थांबत नाहीत, मूल सारखे किरकिरते, हे त्याचे पुस्तकी रूप. प्रत्यक्षात कित्येक मुलांना जुलाब नसतातच. कुणाची उंची खुंटते, कुणाचे हिमोग्लोबिन लोहाच्या औषधाने वाढत नाही, कुणाचे तोंड वारंवार येते, तर कुणाला चक्क बद्धकोष्ठ असते.

गहू यामागे आहे हे कळायला फार वेळ लागला. सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये लंडनमध्ये आजाराचे वर्णन केले, पण कारण सापडले नाही. अमेरिकेत सिडनी हास यांनी १९२४ मध्ये अशी मुले केळ्यांच्या आहारावर सुधारल्याचे दाखवले आणि श्रेय केळ्यांना दिले. वसईच्या केळी-बागायतदारांना ही गोष्ट आवडेल, पण खरे काम ताटातून पाव गेल्यामुळे झाले होते. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना पावाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा त्यांची रुग्ण मुले सुधारली, पाव परतल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५० च्या प्रबंधात त्यांनी गव्हावर बोट ठेवले.

पालघर जिल्हा (स्थापना १ ऑगस्ट २०१४) मुळात भाताचा. किनाऱ्याच्या गावांत भात, तांदळाची भाकरी आणि मासळी, वाड्याला कोलम, जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या डोंगरपट्ट्यात नागली आणि वरई. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसरच्या चाळींत उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानची रोटी खाणारी कुटुंबे आली. मुलांच्या ताटात हा फरक उरलेला नाही. बिस्कीट, खारी, टोस्ट, वडापाव आणि मैद्याच्या शेवया मोखाड्याच्या पाड्यावरच्या दुकानातही मिळतात, आणि रेशनवर तांदळाबरोबर गहू येतो.

भारतातील प्रौढांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सिलिअ‍ॅकचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. आजाराला लागणारी जनुके, म्हणजे एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८, तिन्हीकडे सारख्याच प्रमाणात होती. दक्षिणेत गहू कमी खातात म्हणून आजार कमी, असे यावरून सरसकट सांगितले जाते. पण ईशान्येतही गहू थोडाच खातात, तरी तिथला आकडा उत्तरेच्या जवळ आहे. तेव्हा भात खाणाऱ्या घरातल्या मुलाला हा आजार होणारच नाही, असे कुणी गृहीत धरू नये.

निदान. या आहारातील सर्वांत मोठी चूक पहिल्या दिवशीच होते: तपासणीआधी गहू बंद केला जातो. कुणीतरी व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणा नातेवाइकाला फरक पडलेला असतो. गहू बंद झाला की आजाराची खूण असलेली रक्तातील प्रतिपिंडे उतरू लागतात, आतडे भरून येऊ लागते आणि आजार असूनही चाचण्या निगेटिव्ह येतात. मग खात्रीसाठी मुलाला कित्येक आठवडे पुन्हा गहू खाऊ घालावा लागतो. पाच वर्षांखालील आणि वयात येणाऱ्या मुलांत डॉक्टर हा प्रयोग शक्यतो टाळतात, म्हणजे प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहतो.

योग्य क्रम असा: मूल नेहमीप्रमाणे गहू खात असताना रक्तातील टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडे आणि त्यासोबत एकूण आयजीए (या प्रकारच्या सगळ्या प्रतिपिंडांचे प्रमाण) तपासायचे. एकूण आयजीएच मुळात कमी असेल तर पहिली चाचणी फसवते. टीटीजी वाढलेले असल्यास दुर्बिणीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून तुकडे घेतात. युरोपातील २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार टीटीजी सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही प्रतिपिंडेही सापडली, तर पालकांशी बोलून दुर्बीण टाळता येते. रक्ताचा नमुना पालघर-बोईसरला देता येतो. मुलांच्या पोटविकारतज्ज्ञासाठी बहुतेकांना मुंबई गाठावी लागते. परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयासारखी ठिकाणे गाठणे २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत लोकल आल्यापासून थोडे सोपे झाले, इतकेच.

डोंगरपट्ट्यात उलटी काळजी घ्यावी लागते. जव्हार-मोखाड्यातील हडकुळे मूल बहुधा उपासमारीने हडकुळे असते. तिथे जंत, जिआर्डिया, क्षय आणि सिकलसेल यांचाही विचार आधी करावा लागतो. अशा मुलाला तपासणीशिवाय ग्लूटेनमुक्त ठरवणे म्हणजे त्याच्या आधीच अपुऱ्या ताटातून आणखी एक पदार्थ काढून घेणे. स्वमग्न मुलांना हा आहार सर्रास सुचवला जातो. त्याचा उपयोग होतो याला भक्कम आधार नाही.

सुरुवात. ग्लूटेन नसलेली धान्ये इथे शोधत फिरावे लागत नाही: तांदूळ, नागली, वरई, ज्वारी, बाजरी, मका, राजगिरा, शिंगाडा, शिवाय सगळ्या डाळी. पोहे, घावन, पानगी, आंबोळी, इडली, उकडीचे मोदक, साबुदाण्याची खिचडी हे सगळे चालते. उपवासाचे ताट तर जवळपास तयार ग्लूटेनमुक्त ताट असते. वेष्टनातली महागडी ग्लूटेनमुक्त पिठे आणि कुकीज पालघरच्या पालकांनी सणासुदीपुरत्या ठेवल्या तरी चालेल. घ्यायच्याच असतील तर लेबल पाहावे: भारतीय नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन असलेल्या पदार्थाला ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणता येते.

चपातीला ताण देते ते ग्लूटेनच. तांदळाच्या पिठात ते नसल्याने कच्चे पीठ लाटले की तुटते. म्हणून उकड काढायची: पाण्याला उकळी आली, मीठ पडले की पीठ घालून ढवळायचे, झाकण ठेवून वाफ द्यायची आणि सोसेल इतके गरम असतानाच ओल्या हाताने मळायचे. उष्णतेने फुगलेला स्टार्च ग्लूटेनचे काम काही तास करतो. काही तासच, कारण शाळेच्या मधल्या सुट्टीपर्यंत ही भाकरी वातड होते. डब्यासाठी घावन बरे, किंवा उकडीत कुस्करलेला बटाटा मिसळावा.

खरी अडचण गिरणीत असते. गिरणीवाला दिवसभर गहू दळतो. आपले तांदूळ त्याच तोंडातून ओतले जातात, त्याच दगडांमधून जातात आणि पिठाने पांढऱ्या झालेल्या त्याच कापडी नळीतून डब्यात पडतात. दिवसाला ५० मिलिग्रॅम ग्लूटेन काही महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होते, असे चाचण्यांत दिसले आहे. एका चपातीत दोन-तीन ग्रॅम ग्लूटेन असते, म्हणजे पन्नासावा तुकडादेखील पुरतो. फक्त तांदूळच दळणारी चक्की शोधावी, नाहीतर घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये. दोन्ही जमत नसेल तर तांदूळ धुऊन-वाळवून मिक्सरवर काढावेत. घरात पोळपाट-लाटणे, चाळणी आणि तवा वेगळा ठेवावा. पुऱ्या तळलेले तेल मुलाच्या पापडाला वापरू नये.

लपलेला गहू. बाजारातील बांधणी हिंगात बहुतेकदा गव्हाचे पीठ असते. डबीवरचे घटक वाचून तांदळाच्या पिठाचा हिंग घ्यावा. मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू पडतो. वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतल्या बॉटल मसाल्यात भाजलेला गहू असतो, हे तर अनेकांच्या ध्यानीही नसते. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवाच्या वा गव्हाच्या. चण्याचे सत्तू चालते, जवाचे नाही. महाराष्ट्रातले सातूचे पीठही गहू-डाळव्याचे असते. खपली गहू पचायला हलका म्हणून या मुलांना दिला जातो, ते साफ चुकीचे आहे. त्यात ग्लूटेन आहेच. ओट्समध्ये गव्हाची भेसळ सहज होते, म्हणून सुरुवातीचे काही महिने तेही नकोत.

शालेय पोषण आहारात भात-खिचडी असल्याने मूल पंक्तीत बसू शकते, मात्र फोडणीच्या हिंगाची चौकशी करावी. अंगणवाडीत लापशी किंवा शिरा असला तर ताईंना कागदावर लिहून द्यावे. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. नमस्कार करून केळे घ्यावे, कुणाचा देव रागावत नाही. ख्रिस्ती मुलांच्या पहिल्या कम्युनियनचा प्रश्न अधिक अवघड आहे. ओस्ती, म्हणजे या विधीतली पवित्र भाकर, गव्हाचीच हवी आणि ग्लूटेन पूर्ण काढलेली चालत नाही, हे व्हॅटिकनने २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. अल्प ग्लूटेनची ओस्ती मात्र मान्य आहे, आणि केवळ द्राक्षारस घेण्याचीही मुभा मिळते. फादरांशी आधी बोलून ठेवावे.

दुष्परिणाम. ग्लूटेन थांबल्यावर किरकिर बहुधा आधी कमी होते, जुलाब काही आठवड्यांत, उंचीला मात्र वर्ष किंवा अधिक लागते. या काळात काही नव्या तक्रारी येतात आणि पालक घाबरून आहार सोडतात.

सर्वांत नेहमीची तक्रार बद्धकोष्ठाची. चपातीतला कोंडा गेला आणि जागी पांढरा भात आला की असे होते. नागली, सालीच्या डाळी, पालेभाजी, पपई, पेरू, घोलवडचा चिकू आणि भरपूर पाणी यांनी बहुतेक मुले सुधारतात. भूक अचानक खवळते, ती बरे होण्याची खूण आहे. ती वेफर्स आणि ग्लूटेनमुक्त बिस्किटांनी भागवली तर वर्षभरात वजन नको तितके वाढते. आतड्याला इजा असेपर्यंत दुधातली साखर पचत नाही. दूध प्याल्यावर पोट फुगत असेल तर काही आठवडे दही-ताकावर भागवावे, मग दूध पुन्हा सुरू करावे. लोह, फॉलिक आम्ल, झिंक, ड जीवनसत्त्व यांची उणीव आजारानेच झालेली असते आणि नुसत्या तांदळावर ती भरत नाही. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात नगण्य. तिन्ही त्रिकाळ तांदूळच खाल्ला तर त्यातल्या आर्सेनिकचा भारही वाढतो. धान्ये आलटून-पालटून द्यावीत.

महिनोन्‌महिने गहू बंद असलेल्या मुलाने लग्नात चुकून पाव खाल्ला तर काही तासांत जोराच्या उलट्या होऊ शकतात, पूर्वी होत नव्हत्या तरीसुद्धा. पाणी-मीठ-साखर देत राहावे. मूल मलूल झाले तर दवाखाना. खरा धोका अतिकुपोषित मुलांना असतो. त्यांना एकदम पोटभर खाऊ घातले तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरते आणि हृदयावर बेतू शकते. सुजलेल्या किंवा अगदी वाळलेल्या मुलाचा आहार घरी बदलू नये. रुग्णालयात, तपासण्या करत, थोडाथोडा वाढवावा.

पाठपुरावा. सहा महिन्यांनी, नंतर दरवर्षी वजन, उंची, हिमोग्लोबिन आणि टीटीजी पाहतात. टीटीजी सामान्य व्हायला एक-दोन वर्षे लागू शकतात. ते उतरतच नसेल तर दुसरे काही कारण शोधण्याआधी गिरणी, हिंग आणि शाळेतल्या मित्राचा डबा तपासावा. मूल गुटगुटीत झाले म्हणून आजार गेला असे नाही; आहार जन्मभराचा आहे. पुढच्या बाळाला गहू उशिरा दिल्याने आजार टळत नाही, त्यामुळे वरच्या अन्नासोबत तो नेहमीच्या वेळी द्यावा. रुग्णाच्या आई-वडिलांत आणि भावंडांत साधारण ५ ते १० टक्क्यांना हाच आजार निघतो. म्हणून एका मुलाचे निदान झाले की घरातल्या सगळ्यांची टीटीजी चाचणी करून घ्यावी, आणि ती होईपर्यंत त्यांच्या ताटातली चपाती बंद करू नये.