टीव्ही गावाचा, मोबाईल खिशातला

१ ऑगस्ट १९७५ ला सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहावरून टीव्ही सुरू झाला. शेती, आरोग्य, शिक्षण, आणि सारं गाव एका संचासमोर. वर्षभराच्या या प्रयोगाचं नाव 'साइट'. त्यात महाराष्ट्र नव्हता. मुंबईत दूरदर्शन १९७२ लाच आलं होतं, पण आपल्या यवतमाळकडच्या खेड्यांत टीव्ही म्हटलं की आठवतं १९८७ चं 'रामायण'. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्याकडे रविवारी सकाळी अख्खी आळी.

मग मोबाईल आला अन् पडदा ज्याच्या त्याच्या खिशात गेला. बघणं एकट्याचं झालं.

२०१२ मध्ये मिराकास्ट आलं. मोबाईलचा पडदा वायरशिवाय थेट टीव्हीवर. दोघांतही ही सोय असली की ते आपसात वायफायने जोडले जातात, इंटरनेट लागत नाही. म्हणजे झरी-जामणीच्या एखाद्या पोडावर रेंज नसली तरी आधी उतरवून ठेवलेली फाईल सगळ्यांना दाखवता येते.

आता मुद्द्याचं. २४ एप्रिल २०२० ला ई-ग्रामस्वराज सुरू झालं. ग्रामपंचायतीचा आराखडा अन् खर्च त्यावर कोणालाही बघता येतो. पण बघतो कोण? ग्रामसभेत हिशेब वाचला जातो, आपण माना डोलावतो.

शाळेतला टीव्ही ग्रामसभेपुरता मागा, मोबाईल जोडा. आकडा सगळ्यांना एकदम दिसला की प्रश्न विचारणारा एकटा पडत नाही. येत्या ग्रामसभेत एवढं करून तर बघा!